जुना ट्रान्सीव्हर आणि आधीच्या मालकाचा स्क्रू-ड्रायव्हर

हौशी रेडिओचा परवाना हातात पडला की पहिला संच बहुधा सेकंडहँडच घेतला जातो. नवा एचएफ ट्रान्सीव्हर लाखाच्या घरात जातो आणि कुणा ना कुणाकडे आयकॉम, केनवूड किंवा याएसूचा वीस-तीस वर्षांचा संच कपाटात पडून असतोच. संचासोबत सल्लेही येतात, तेही फुकट. 'तो एक डायोड काप', 'आतला प्रीसेट जरा चढव', 'कपॅसिटर सगळे बदलून टाक'. यातलं काहीच निव्वळ थाप नसतं, पण जवळपास सगळंच अर्धवट असतं. जुने संच वयाने कमी मरतात आणि अशा अर्धवट ज्ञानाने जास्त, असं माझं मत आहे. म्हणून हातात आलेल्या संचात नवं काही करण्याआधी त्यात आधी कुणी काय काय करून ठेवलंय, ते शोधावं.

गैरसमज: शंभर वॅटचा संच तीसच वॅट दाखवतोय, म्हणजे पॉवर उतरली

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. साइडबँडवर, म्हणजे एसएसबीवर, बोलताना शक्ती सलग बाहेर पडत नाही. शब्दाच्या टोकावर ती १०० वॅटला पोचते आणि दोन शब्दांच्या मधे शून्यावर येते. साधा वॅटमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे नेहमीच्या बोलण्यात त्याची सुई वीस-तीसच्या आसपास डोलते. संच ठणठणीत असला तरी असंच दिसतं. खरी शक्ती मोजायची तर डमी लोड लावावा, संच सीडब्ल्यू किंवा एफएमवर घ्यावा आणि सलग कॅरिअर सोडून पाहावं. तिथे शंभरच्या आसपास आकडा आला की विषय संपला.

पण मधल्या काळात कुणीतरी वरचं झाकण उघडून एएलसीचा प्रीसेट फिरवलेला असतो. एएलसीचं काम ड्राइव्ह जास्त झाला की लगाम खेचायचं. लगाम सैल केला की सुई चाळीसवर जाते आणि मालक खूश होतो. इकडे आवाजाची टोकं छाटली जातात आणि सिग्नल शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर सांडू लागतो. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर नेट भरलं की अशा माणसाच्या आजूबाजूला कुणालाही धड ऐकू येत नाही. त्याच्या स्वतःच्या कानावर मात्र यातलं काहीच येत नाही.

एवढं करून मिळवलं काय? शंभराचे एकशे तीस वॅट झाले तर फरक पडतो १.१ डेसिबलचा. एस-मीटरचा एक एस म्हणजे ठरावाप्रमाणे ६ डेसिबल, म्हणजे शक्ती चौपट झाली तर ऐकणाऱ्याची सुई एक एसने हलते. एकशे तीस वॅटने ती एका एसच्या पाचव्या हिश्शाइतकी हलेल. समोरच्याला ते कळणारसुद्धा नाही.

असं झालंय का हे ओळखता येतं. कारखान्यात प्रीसेट जुळवल्यावर त्यावर बऱ्याचदा रंगाचा किंवा लाखेचा ठिपका देतात. तो फुटलेला असेल, स्क्रूच्या खाचेच्या कडा चावल्यासारख्या झाल्या असतील, तर तिथे हात लागलाय हे नक्की. मग त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवावं आणि त्यातल्या क्रमाने मूळ जागी यावं. अंदाजाने उलटं फिरवू नये.

याचीच एक गमतीदार बाजू आहे. एखादा संच खरोखरच १० वॅटच्या वर जात नाही, आणि लोक फायनल ट्रान्झिस्टर गेले म्हणून हळहळतात. मागच्या पट्टीवरचं मॉडेलचं नाव आधी वाचावं. जपानमध्ये चौथ्या श्रेणीच्या परवान्यावर एचएफला १० वॅटच चालतात, म्हणून तिथल्या बाजारासाठी बऱ्याच मॉडेलांची १० वॅटची आवृत्ती निघत असे. केनवूडचा टीएस-४४०व्ही हा तसाच संच. त्यात बिघडलेलं काहीच नसतं.

गैरसमज: डायोड कापला की संच 'मोकळा' होतो आणि आपणही

अनेक संचांत कोणत्या देशात कोणत्या पट्ट्यात प्रक्षेपण करू द्यायचं, हे काही डायोड किंवा सोल्डरचे जोड ठरवतात. तिथे बदल केला की संच ठरलेल्या पट्ट्यांच्या बाहेरही बोलतो. एवढं खरं आहे. 'मोकळा' या शब्दात मात्र दोन गोष्टी झाकल्या जातात.

पहिली गोष्ट यंत्राची. प्रक्षेपणाच्या शेवटच्या टप्प्यावर दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीची घाण अडवणारे लो-पास फिल्टर असतात, आणि ते हौशी पट्ट्यांसाठी आखलेले असतात. पट्ट्याबाहेर गेलं की ही घाण नीट अडेलच याची खात्री उरत नाही. शिवाय एफटी-८१७ सारख्या संचात जोड बदलल्यावर रीसेट करावा लागतो. म्हणून अलाइनमेंटचे आकडे आधी उतरवून ठेवावेत. ते गेले तर एका थेंब सोल्डरपायी पूर्ण जुळणी पुन्हा करावी लागते.

दुसरी गोष्ट कायद्याची. संच बोलू शकतो म्हणून आपल्याला बोलायची परवानगी मिळत नाही. भारतात तर १९३३च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून वायरलेस संच नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यानेही ती अट ठेवली आहे. 'मी फक्त ऐकतो' हे त्यावर उत्तर नव्हे. विकणाऱ्याकडून सीरियल नंबर लिहिलेलं पत्र घ्यावं, त्यावर दोघांची कॉलसाइन असावी. पुढच्या बऱ्याच कटकटी वाचतात.

तरीही हा बदल करण्याचं एक सरळ कारण असू शकतं. जपानमध्ये २००९पर्यंत ४० मीटरचा पट्टा ७.१ मेगाहर्ट्झलाच संपत होता. त्याआधीचा तिथला संच आपल्याकडे आला तर तो ७.१च्या वर पीटीटी दाबूनही गप्प बसतो. आपल्याकडे मात्र पट्टा ७.२ मेगाहर्ट्झपर्यंत आहे. अशा वेळी जोड बदलणं परवान्याच्या चौकटीतलंच काम ठरतं.

गैरसमज: पिन बसली म्हणजे माइक चालतो

आठ पिनांचा गोल सॉकेट आयकॉम, केनवूड आणि याएसू तिघांच्याही संचांवर दिसतो. बाहेरून तिन्ही एकसारखे, आतली जोडणी तिघांची तीन तऱ्हांची. आयकॉमच्या दोन नंबरच्या पिनवर ८ व्होल्ट येतात, केनवूडच्या माइकमध्ये दोन नंबरवर पीटीटीचं बटण असतं. म्हणजे केनवूडचा माइक आयकॉमला लावून बटण दाबलं की ते ८ व्होल्ट नको त्या ठिकाणी जातात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत आठ पिनांचा प्लग सहज मिळतो. दोन्ही मॅन्युअलमधल्या आकृत्या समोर ठेवून नवा प्लग सोल्डर करणं हे पाऊण तासाचं काम आहे.

गैरसमज: बारा व्होल्टचा कुठलाही सप्लाय चालेल

शंभर वॅटचा संच ऐकताना एक-दोन अँपिअर घेतो, बोलताना २०च्या आसपास. त्यावर बाराचा नव्हे, १३.८ व्होल्टचा सप्लाय अपेक्षित असतो. सीसीटीव्हीसाठी मिळणारा एसएमपीएस ३० अँपिअरचा असेल आणि त्याचा प्रीसेट १३.८वर येत असेल तर काम भागतं; मात्र तो रिसीव्हरमध्ये किती खरखर ओततो ते आधी ऐकून पाहावं.

खरी गोम असते वायरीत. घरातली फिटिंगची दीड एमएमची वायर तीन मीटर लांब घेतली, तर जाऊन-येऊन सहा मीटर होते आणि २० अँपिअरला त्यातच जवळजवळ १.४ व्होल्ट पडतात. सप्लायच्या टोकाला १३.८ आणि संचाच्या सॉकेटवर १२.४. शब्दाच्या टोकावर डिस्प्ले मंदावतो, आवाज थरथरतो आणि समोरचा म्हणतो, 'तुमचा संच बिघडलाय.' सहा एमएमची वायर घेतली की ही गळती ०.३५ व्होल्टवर येते. मोजमाप संचाच्या सॉकेटवर, पीटीटी दाबून करावं. रिकाम्या सप्लायला मल्टीमीटर लावून काही कळत नाही.

फ्यूजची जागाही उघडून पाहा. बऱ्याच संचांत पुरवठ्याच्या तोंडाशी एक उलटा डायोड असतो. वायरी उलट्या लागल्या तर तो शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो, आणि संच वाचतो. पण फ्यूजच्या जागी कुणी तांब्याचा तुकडा गुंडाळून ठेवला असेल, तर फ्यूजऐवजी डायोड आणि त्याखालचा ट्रॅक जळतो. आपल्याकडे हा तुकडा किती संचांत सापडतो याची मोजदाद न केलेलीच बरी.

गैरसमज: आतली बॅटरी फक्त मेमरीसाठी असते; आणि जुने कपॅसिटर सगळेच बाद

बॅटरीचं म्हणणं केनवूड टीएस-४४० पुरतं खरं आहे. त्यातली लिथियम बॅटरी संपली तर साठवलेल्या फ्रिक्वेन्सी जातात, बाकी काम चालू राहतं. आयकॉम आयसी-७५१ बाबत हाच समज संचाचा जीव घेतो. त्या पिढीच्या काही आयकॉममध्ये प्रोसेसरला लागणारा प्रोग्रॅमच एका छोट्या रॅम बोर्डावर, बॅटरीच्या आधाराने टिकून असतो. आर-७१ या रिसीव्हरचीही तीच तऱ्हा. बॅटरी मेली की संच दगड. म्हणून ती बदलताना नवी लागेपर्यंत रॅमला दुसरीकडून व्होल्टेज देत राहावं लागतं. अशा संचाचा सौदा करताना पहिला प्रश्न हाच असावा: बॅटरी कधी बदलली?

कपॅसिटरचंही तसंच. टीएस-८५०च्या कॅरिअर बोर्डावरचे पृष्ठभागावर बसवलेले छोटे इलेक्ट्रोलायटिक पाझरतात, हे आता जगजाहीर आहे. त्यांचा द्रव ट्रॅक खातो, म्हणून ते आधीच बदललेले बरे. त्यावरून प्रत्येक संचातले शंभर-दीडशे कपॅसिटर एका रविवारी उपटायला बसणं हा निव्वळ आततायीपणा. जुन्या बोर्डाची पॅड नाजूक असतात. चांगला भाग काढताना पॅड उचकटतं आणि नसलेला दोष तयार होतो. पाझर, फुगवटा किंवा मोजून दिसलेला दोष यापैकी काहीच नसेल तर हात लावू नये.

मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या टीएस-४४०मध्ये तर वेगळाच प्रकार दिसतो. डिस्प्लेवर फ्रिक्वेन्सीच्या जागी नुसते ठिपके येतात. लोक आयसी गेला म्हणून पार्ट शोधत फिरतात. बहुतेक वेळा कारण असतं ते कारखान्यातच व्हीसीओच्या भागांवर ओतलेल्या डिंकात. वर्षानुवर्षं ओल शोषून तो डिंक काळवंडतो, त्यातून करंट गळू लागतो आणि पीएलएल लॉक सोडतो. मऊ लाकडी काडीने तो खरवडायचा, स्पिरिटने जागा पुसायची, डिंकाने खाल्लेला एखादा पाय बदलायचा. पार्टचा खर्च जवळपास नाहीच, चिकाटी मात्र भरपूर लागते.

गैरसमज: रिसीव्हर बहिरा झालाय

आधी बटणं पाहावीत. एस-मीटरची सुई वर चढून खिळलेली आणि स्पीकर गप्प असेल तर आरएफ गेन उतरवलेला आहे. ॲटेन्युएटर चालू आहे का, स्क्वेल्च किती आहे, मागच्या दोन अँटेना सॉकेटपैकी कोणता निवडलाय, हेही बघावं. झाकण त्यानंतर.

गैरसमज: एसडब्ल्यूआर एकास एक आला, अँटेना झकास

डमी लोडचा एसडब्ल्यूआरही एकास एकच असतो, आणि त्यातून आवाज गल्लीच्या टोकालाही पोचत नाही. उलट एकास दोन आला तरी परत फिरणारी शक्ती ११ टक्केच असते. त्यासाठी अँटेना ट्यूनरवर पैसे घालण्याची घाई नको.

केबलने होणारी फसवणूक याहून मोठी. दोन मीटर पट्ट्यावर, १४५ मेगाहर्ट्झला, ३० मीटर आरजी-५८ केबलमध्ये सुमारे तीन चतुर्थांश शक्तीची वाफ होते. परतीच्या वाटेवरही तेवढंच नुकसान. म्हणजे गच्चीवरची अँटेना वाऱ्याने तुटून पडली असली तरी खाली मीटरवर १.७च्या आसपास एसडब्ल्यूआर दिसतो आणि माणूस निवांत राहतो. पावसाचं पाणी केबलमध्ये शिरलं की एसडब्ल्यूआर सुधारल्यासारखा वाटतो, तोही याच कारणाने. ४० मीटरसाठी सुमारे २० मीटर लांबीचा साधा तारेचा डायपोल उंच बांधला, तर संचातल्या कुठल्याही 'सुधारणे'पेक्षा जास्त फरक पडतो.

गैरसमज: प्लग काढला म्हणजे धोका टळला

ट्रान्झिस्टरच्या संचाबाबत बहुतांशी ठीक आहे. एफटी-१०१ किंवा टीएस-५२० सारख्या, शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह असलेल्या संचाबाबत अजिबात नाही. त्यांच्यात सहाशे ते आठशे व्होल्टचा पुरवठा असतो, आणि कपॅसिटर रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर इतक्या वर्षांत तुटलेला असू शकतो. प्लग काढून, थांबून, मीटरने व्होल्टेज शून्य दिसल्याशिवाय हात आत घालू नये, आणि घालताना एकच घालावा. जपानहून आलेला संच १०० व्होल्टच्या मेन्सवर जुळवलेला असतो, हेही ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवर पाहून घ्यावं. २३०ला थेट लावल्यावर ते कळण्यात अर्थ नाही.

गैरसमज: जुन्या संचावर डिजिटल जमत नाही

एफटी-८ ही पद्धत २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी आणली. टेलर म्हणजे १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. तिच्यासाठी संच नवा असण्याची गरज नाही. फ्रिक्वेन्सी बऱ्यापैकी स्थिर हवी, म्हणून जुना संच अर्धा तास तापू द्यावा. संगणकाचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर असावं, आणि संच व संगणक यांच्या मधे आवाजाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असावा. एक फरक मात्र लक्षात घ्यावा. बोलण्यात शक्ती क्षणाक्षणाला उतरते, एफटी-८ मध्ये ती १५ सेकंदांच्या फेरीत जवळपास १३ सेकंद सलग पूर्ण असते. फायनलना श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. आवाजाची पातळी एएलसीची सुई जेमतेम हलेल इतकीच ठेवायची, पॉवर तीस-चाळीस वॅटवर आणायची आणि मागचा पंखा फिरतोय ना, ते दोन-तीन फेऱ्यांनंतर हीटसिंकला हात लावून पाहायचं.