ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून नुसतं वरून ओतू नका

हडपसरकरांना दिवे घाट नवा नाही. पण सासवडहून परतताना खाली मस्तानी तलाव दिसू लागतो, तेव्हा पाय सतत ब्रेकवर असेल तर एरवी कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या एका भागाची कसोटी लागते. तो भाग म्हणजे मास्टर सिलिंडर, अर्थात ब्रेकचा पंप.

पेडल दाबलं की पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या मदतीने सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो. त्याच्या तोंडाशी असलेला रबरी वॉशर ब्रेक ऑइलच्या टाकीकडचं बारीक भोक ओलांडतो. द्रवाची मागे जायची वाट बंद होते आणि नळ्यांमध्ये दाब चढतो. चाकाजवळच्या कॅलिपरमधला दट्ट्या जास्त रुंद असल्याने तोच दाब तिथे मोठा जोर होऊन पॅड डिस्कवर आवळतो. पाय काढला की भोक उघडतं आणि दाब सुटतो.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज म्हणजे टाकीतली पातळी उतरली की ब्रेक ऑइल ओतायचं. पॅड झिजले की कॅलिपरचा दट्ट्या बाहेर येतो, त्याच्या मागची जागा द्रवाने भरते आणि टाकी तेवढी रिकामी होते. म्हणून पातळी हळूहळू उतरली तर आधी पॅड तपासायचे आणि एकदम उतरली तर गळती शोधायची. नुसतं ओतलं तर ही सूचनाच पुसली जाते. शिवाय पुढे नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे ढकलला की जादा द्रव टाकीबाहेर येतो आणि जिथे सांडेल तिथला रंग उडवतो. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवावं.

‘टाकी भरलेली आहे ना, मग काळजी नको’ हे तर त्याहून घातक. नावात ऑइल असलं तरी आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतलं डॉट ३ किंवा डॉट ४ हे ग्लायकॉलवर्गी द्रव आहे आणि ते हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात डिस्क तापल्या की असा जुना द्रव कॅलिपरपाशी उकळतो आणि नळीत वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते; त्यामुळे पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. गाडी थंड झाल्यावर पेडल पुन्हा ठीक लागतं, म्हणून गॅरेजमध्ये नेल्यावर काहीच दोष सापडत नाही! साधारण दर दोन वर्षांनी द्रव बदलावा असं बहुतेक कंपन्या सांगतात, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. उघडून ठेवलेल्या डब्यातलं उरलेलं वापरू नये. इंजिन ऑइल तर चुकूनही नको, त्याने सगळे रबरी वॉशर फुगतात.

बाहेर थेंबही गळत नाही म्हणजे पंप चांगला, असंही नसतं. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धं मिनिट एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर द्रव आतल्या आत वॉशरवरून मागे निसटतोय, असाच संशय घ्यावा. पेडल स्पंजासारखं लागलं तर मात्र पंपाला दोष देण्याआधी नळ्यांतली हवा काढून पाहावी.

एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले, ही भीतीही अवाजवी आहे. सिलिंडरमध्ये दोन दट्टे आणि दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक गेला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, पण पेडल खोल जातं आणि थांबायला अंतर जास्त लागतं. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणं मात्र खरोखर जिवावर बेतू शकतं. बूस्टरमधला निर्वाताचा साठा दोन-चार दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरावा.

नळ्यांतली हवा काढताना एक जण आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी निपल सैल करतो. जुन्या गाडीत इथेच घाई नडते. रोजच्या वापरात दट्ट्या सिलिंडरच्या टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे पुढच्या भागात गंज साचलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की वॉशर त्या खरबरीत जागेवर घासून फाटतो आणि धड पंप त्याच दिवशी निकामी होऊ शकतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला तर वॉशर तिथवर पोहोचतच नाही.