दोघांचे विमान, एकाचे पदक

पेण आणि रोहा या तालुक्यांत, किंबहुना साऱ्या उत्तर कोकणात, वीराचे स्मरण हे बहुधा एका माणसाचे आणि एका गावाचे स्मरण असते. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. शेजारच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावच्या या जवानाने १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतील बाकी सारे मशीनगनच्या माऱ्यात ठार वा जायबंदी झाल्यावर, एकट्याने त्या मोर्चावर चाल केली आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यांच्या पराक्रमाला मूळ गाव आहे, चेहरा आहे. बॉम्बफेकी विमानातील माणसांचे स्मरण या चौकटीत बसत नाही, कारण तेथे पराक्रम एकट्याचा नसतो आणि ज्यांचा असतो ते एका गावचे नसतात.

दुसऱ्या महायुद्धातील लँकेस्टर या ब्रिटिश विमानात सात जण असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, मार्ग आखणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब नेमका टाकणारा बॉम्ब-एमर, वायरलेस ऑपरेटर आणि दोन तोफची. साधारणपणे तीस मोहिमा पुऱ्या झाल्या की पहिली पाळी संपे. पण ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधील सुमारे १ लाख २५ हजार उड्डाण-सैनिकांपैकी ५५ हजारांहून अधिक मारले गेले, यावरून किती चमू तिथवर पोचले नसतील याचा अंदाज येतो. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे याच लँकेस्टरवर नॅव्हिगेटर होते आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

स्वतंत्र भारताचे पहिले बॉम्बफेकी दल मोडीतून उभे राहिले, असे म्हणण्यास हरकत नाही. परतणाऱ्या ब्रिटिश-अमेरिकन सैन्याने कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी जुजबी दुरुस्तीनंतर एकेक करून बंगळूरला उडवत नेली, तेथे ती नव्याने घडवण्यात आली आणि १९४८ च्या नोव्हेंबरात त्यांवर पाचव्या स्क्वाड्रनची उभारणी झाली. पुढे पुण्याच्या लोहगाव तळावरून सहाव्या स्क्वाड्रनची लिबरेटर विमाने १९६८ पर्यंत सागरी टेहळणी करीत राहिली.

लिबरेटरची जागा १९५७ पासून कॅनबेरा या जेट विमानाने घेतली आणि चमू दोघांवर आला. भारताने घेतलेल्या बॉम्बफेकी कॅनबेरात वैमानिक डाव्या बाजूला सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली बसे. नॅव्हिगेटर विमानाच्या नाकाडात, लक्ष्य जवळ आले की पालथा पडून खालच्या काचेतून नेम धरीत असे. वैमानिकाच्या आसनाला स्फोटकाच्या जोराने बाहेर फेकले जाण्याची, म्हणजे इजेक्शनची सोय होती, नॅव्हिगेटरच्या जागेला ती नव्हती. विमान पेटले तर त्याला पॅराशूट बांधून बाजूच्या दारापर्यंत जायचे आणि तेथून उडी टाकायची असे, आणि तेवढा वेळ विमान स्थिर ठेवणे वैमानिकाच्या हाती असे. हा आराखडा अन्यायकारकच होता. परंतु सोबत्याला सोडून आपण सुटायचे की नाही, हा प्रश्न प्रत्येक उड्डाणात वैमानिकासमोर ठेवणारा असा दुसरा आराखडा विरळाच.

मराठी मुलखाला या विमानांची सर्वांत जवळची ओळख गोवामुक्तीच्या वेळी झाली. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन बॉम्ब टाकले. विमानतळाच्या इमारती मात्र जाणीवपूर्वक वगळण्यात आल्या. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या आठ विमानांची दुसरी फळी आली. तरीही त्या रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने खड्डे पडलेल्या धावपट्टीवरूनच निसटली. इतिहासाच्या पुस्तकांत दोन्ही फळ्यांचे नेते नावानिशी येतात. बारा विमाने म्हणजे चोवीस माणसे, हा साधा हिशेब क्वचितच मांडला जातो.

पदकांचेही तसेच आहे, कारण शौर्यपदक व्यक्तीला दिले जाते, विमानाला नव्हे. पद्मनाभ गौतम यांना १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांतील कॅनबेरा मोहिमांसाठी महावीर चक्र दोनदा मिळाले, आणि १९७२ मध्ये मिग-२१ च्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. रात्रीच्या अंधारात, जमिनीलगत उडत त्यांना लक्ष्यापर्यंत नेणारे नॅव्हिगेटर वाचकाला माहीत नसतात. लंडनजवळच्या रनीमीड स्मारकावर कबर न मिळालेल्या वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे वर्ष, हुद्दा आणि आडनाव या क्रमाने कोरली आहेत, म्हणून एकाच विमानात गेलेले सात जण वेगवेगळ्या शिळांवर विखुरलेले आढळतात.

चमू चमू म्हणून सापडतो तो दफ्तरात. ब्रिटिश स्क्वाड्रनच्या नोंदवहीत, फॉर्म ५४१ या तक्त्यात, प्रत्येक मोहिमेचे विमान, त्यातील साऱ्यांची नावे आणि उड्डाणाची व उतरण्याची वेळ एका ओळीत येते. या नोंदवह्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात. वैमानिकाच्या खासगी लॉगबुकातही सोबत्याच्या नावाचा स्वतंत्र रकाना असतो. निवृत्त हवाई सैनिकाच्या घरी असे लॉगबुक असेल, तर स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने पदकाच्या पेटीआधी तो रकाना वाचावा आणि त्यात पुन्हापुन्हा येणारे नाव टिपून ठेवावे.