नर्मदापरिक्रमेचा नियम, ऋतु आणि मार्ग

१. विषयोपन्यास

मराठ्यांच्या कागदपत्रांत नर्मदा येते ती बहुधा उतरून जाण्याची नदी म्हणून. फौज नर्मदापार झाली, अकबरपूरच्या किंवा हंडियाच्या घाटानें उतरली, पाण्याला उतार मिळेना म्हणून अलीकडेच मुक्काम पडला, अशा मजकुराशीं या त्रैमासिकाच्या वाचकांचा चांगला परिचय आहे. परंतु त्याच नदीच्या कांठीं आणि वर्षाच्या त्याच सुमारास दुसराहि एक प्रवासी निघत आला आहे. त्याच्या व्रताचा पहिला नियम असा कीं, नदी ओलांडावयाची नाहीं. फौजांच्या वाटा दप्तरांत उतरल्या. परिक्रमावासीयांची वाट मात्र बव्हंशीं चालणाऱ्यांच्या तोंडींच राहिली. गेल्या तीसपस्तीस वर्षांत त्या वाटेचे मोठे भाग धरणांच्या जलाशयांत बुडाले आहेत. सबब परिक्रमेचा नियम काय, ती शरदांतच कां आरंभावयाची, तयारी कोणती आणि मार्ग कसा, हें एकत्र मांडून संग्राहकांस एक विनंती करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत लेखकानें संपूर्ण परिक्रमा केलेली नाहीं. शाळेंतून निवृत्त झाल्यावर २०२२ च्या कार्तिकांत ओंकारेश्वरापासून बडवानीपर्यंतचा दक्षिण तट त्यानें पायीं चालून पाहिला. तेव्हां पुढील विवेचनांत त्या तटाविषयीं जें आहे तें पाहिलेलें, बाकीचें वाचलेलें व विचारून घेतलेलें, असें समजावें.

२. पोथ्यांतील आधार

सत्यनारायणाच्या पूजेंत प्रत्येक अध्यायाच्या अखेरीस ‘रेवाखंडे’ हें पद आपण ऐकतों. ही रेवा म्हणजेच नर्मदा. छापील स्कंदपुराणांत आवंत्यखंडामध्यें जें रेवाखंड आहे त्यांत मार्कंडेय ऋषि युधिष्ठिरास तीर्थें सांगतो. कांहीं हस्तलिखितांच्या पुष्पिकांत मात्र रेवाखंड वायुपुराणांतर्गत म्हटलेलें आढळतें. मत्स्य, कूर्म व पद्म या पुराणांतहि नर्मदामाहात्म्य आहे. परंतु या सर्व ग्रंथांचा भर तीर्थांवर आहे, वाटेवर नाहीं. अमुक तीर्थीं स्नान केल्यानें अमुक फल, हें तेथें विस्तारानें मिळतें. आज निघालें तर रात्रीं कोठें टेकावें, कोणत्या ओढ्याला उतार कोठें, हें मिळत नाहीं. आज पाळला जाणारा तपशीलवार नियम व मुक्कामांचा क्रम हा आचाराचा विषय आहे, आणि आचार मुखपरंपरेनें चालतो. ग्रंथ हातीं आहे म्हणून मार्गहि हातीं आहे, असा संस्कृत शिकलेल्या माणसाचा समज होतो. माझाहि झाला होता.

३. नियम

नदी सदैव उजव्या हातास ठेवावयाची, हा प्रदक्षिणेचा अर्थ. म्हणून दक्षिण तटानें पश्चिमेकडे व उत्तर तटानें पूर्वेकडे चालावें लागतें. मुख्य प्रवाह कोठेंहि ओलांडावयाचा नाहीं. त्यामुळें नदींतील बेटावरचीं तीर्थेंहि वर्ज्य होतात. ओंकारेश्वराचें मंदिर मांधाता बेटावर आहे. तेथें परिक्रमेच्या काळांत जातां येत नाहीं. दर्शन परिक्रमा पुरी झाल्यावर घ्यावयाचें आणि बरोबर वागविलेलें नर्मदाजल तेथें अर्पण करावयाचें. द्रव्याचा संचय नसावा. सदावर्तांत मिळालेला शिधा शिजवून खावा किंवा कोणी वाढील तें घ्यावें. वाटेंत भेटणाऱ्या प्रत्येकास ‘नर्मदे हर’ म्हणावें. नदींत खोल शिरूं नये, स्नान कांठाशींच करावें.

उपनद्या ओलांडण्यास हरकत नाहीं. मार्कंडेय ऋषीनें उपनद्याहि न ओलांडतां प्रत्येकीच्या उगमास वळसा घातला, अशी परंपरा सांगतात. सामान्य माणसास तेवढें शक्य नाहीं.

४. शरदांतच आरंभ कां

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत, म्हणजे चातुर्मासांत, परिक्रमावासी एके ठिकाणीं राहतो. प्रबोधिनी एकादशी झाली कीं नवे लोक संकल्प सोडतात आणि थांबलेले जुने लोक पुन्हां वाटेस लागतात. हा धर्माचा नियम झाला. त्याच्या पोटांत व्यवहारहि आहे. नर्मदेची लांबी सुमारें १३१२ किलोमीटर असून तिच्या प्रमुख उपनद्या ४१ धरतात, २२ दक्षिणेकडून व १९ उत्तरेकडून. तवा, दुधी, शक्कर, हिरण, ओरसंग यांसारख्या नद्या पावसाळ्यांत पायीं उतरणें अशक्य. कांठाची काळी जमीन श्रावणभाद्रपदांत पाऊल धरून ठेवते. अश्विनाच्या अखेरीस पाणी उतरतें, चिखल वाळतो, आणि खरिपाचें नवें धान्य घरांत येऊं लागल्यामुळें शिधा देणाऱ्याचाहि हात मोकळा होतो.

रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूचा दिग्विजय शरदांतच आरंभतो, तोहि उतार झालेल्या नद्या व वाळलेले मार्ग यांमुळेंच. आणि तेथें स्वारीस ‘यात्रा’ हाच शब्द योजिलेला आहे. आपल्याकडे दसऱ्याचें सीमोल्लंघन झालें कीं फौजा निघत. स्वारी व तीर्थयात्रा यांस एकच शब्द व एकच ऋतु असावा, यांत नवल नाहीं. दोघांनाहि अडविणारी गोष्ट एकच होती.

५. तयारी

आरंभापूर्वीं क्षौर, नर्मदापूजन, संकल्प, कुमारिकापूजन आणि शिऱ्याच्या कढईचा नैवेद्य हा क्रम बहुतेक ठिकाणीं दिसतो. बरोबर एका बाटलींत नर्मदाजल घेतात. पुढें मुक्कामोमुक्कामीं त्यांतलें थोडें नदींत सोडून नवें भरून घ्यावयाचें, परंतु बाटली रिती होऊं द्यावयाची नाहीं. दंड, कमंडलु, पांढरें साधें वस्त्र, एक बदलावयाचें वस्त्र, कांबळें, ताट व पाण्याचें भांडें, एवढें पुरतें. हल्लीं ओळखीचा कागद आणि परिक्रमावासी असल्याचें प्रमाणपत्र बाळगतात. आश्रमांतून एका वहींत शिक्के घेण्याचीहि पद्धत आहे.

नवख्यास दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. निघण्यापूर्वीं दोन महिने तरी रोज चालण्याचा अभ्यास ठेवावा, आणि तोहि पाठीवर ओझें घेऊन. दुसरी गोष्ट ओझ्याविषयीं. मीं छापील रेवाखंड बरोबर घेतलें होतें. दुसऱ्या दिवशीं खांदा सोलून निघाला, आणि सनावदहून तें पुस्तक टपालानें घरीं परत पाठविलें. मजबरोबर चालणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईजवळ एक पिशवी व एक काठी होती. ती माझ्या पुढें एक मुक्काम निघून गेली, ती पुन्हां दिसली नाहीं.

६. मार्ग

परिक्रमा कोठूनहि आरंभतां येते. ओंकारेश्वराचा दक्षिण तट विशेष रूढ आहे. तेथील अमरेश्वर मंदिराच्या भिंतीवर इ. स. १०६३ चा कोरीव लेख असून त्यांत शिवमहिम्नस्तोत्राचे ३१ श्लोक आहेत. आज पठणांत ४३ श्लोक असल्यानें त्या स्तोत्राच्या मूळ पाठाचा विचार करणारास हा लेख टाळतां येत नाहीं. यात्रेस निघणारानें घटकाभर तेथें थांबावें.

तेथून पश्चिमेस बकावां लागतें. नर्मदेंतील दगडांचीं शिवलिंगें घडविण्याचा धंदा तेथें घरोघर चालतो. पुढें नावडातोडी. येथेंच १९५२-५३ मध्यें व पुन्हां १९५७ ते १९५९ या काळांत डॉ. सांकळिया यांनीं उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडांत आणली. समोर उत्तर तटावर महेश्वर, अहिल्याबाईंची (१७२५–१७९५) राजधानी. किल्ला, घाट, छत्र्या सर्व स्पष्ट दिसतात, नावा जातायेतांना दिसतात. परंतु परिक्रमावासीयास पलीकडे जाणें नाहीं. त्या घाटावर तो पोंचणार तो समुद्राला वळसा घालून. नियमाचा अर्थ मला पोथींत कळला नव्हता इतका त्या कांठावर बसून कळला.

बडवानीच्या पुढें शूलपाणीची झाडी. तेथें भिल्ल लोक परिक्रमावासीयाचें होतें नव्हतें तें काढून घेत, आणि लुटला गेलेला मनुष्य नर्मदामाईनें अपरिग्रह शिकविला असें मानून त्यांस ‘मामा’ म्हणे, असें परंपरा सांगते. आतां तो प्रकार राहिला नाहीं. त्याच पाड्यांतून आज यात्रेकरूस भाकरी मिळते. पुढें विमलेश्वर येथून भरतीच्या वेळीं नावेनें खाडी पार करून उत्तर तटावर मिठी तलाई गांठावयाची. मुख्य प्रवाह येथें समुद्रास मिळालेला असल्यानें हें उल्लंघन ठरत नाहीं.

उत्तर तटावर भरूच, शुक्लतीर्थ, चांदोद यांच्यानंतर गरुडेश्वर. मूळचे माणगांवचे श्रीवासुदेवानंदसरस्वती टेंबेस्वामी १९१४ मध्यें येथें समाधिस्थ झाले. मग महेश्वर, नदीचें नाभिस्थान मानलेलें नेमावर, भेडाघाट, आणि उगम अमरकंटक. तेथें वळसा घालून दक्षिण तटानें नर्मदापुरम्, हंडिया करीत पुन्हां ओंकारेश्वर. एकूण अंतर सुमारें २६०० किलोमीटर.

७. तीन वर्षें, तीन महिने, तेरा दिवस

शास्त्रोक्त परिक्रमेचा काल एवढा सांगतात. या आंकड्यांत तीन चातुर्मास, म्हणजे बारा महिने, मुक्कामाचे जातात. उरलेल्या सुमारें साडेसत्तावीस महिन्यांत २६०० किलोमीटर वांटले तर रोजचे सरासरी सव्वातीन किलोमीटर, म्हणजे जुना एक कोस पडतो. तीर्थीं तीर्थीं राहून, दिवसास एक कोस, असा हा हिशेब असावा.

दुसरें असें. कार्तिकी पौर्णिमेस निघालेल्या माणसाचीं तीन वर्षें कार्तिकी पौर्णिमेस भरतात, तीन महिने माघी पौर्णिमेस, आणि तेरा दिवस माघ वद्य त्रयोदशीस. दुसऱ्या दिवशीं महाशिवरात्र. ओंकारेश्वरीं जल अर्पण करण्यास याहून योग्य दिवस नाहीं. या अवधींत एक अधिक मास येतोच. तो त्या त्या वर्षांत जमा धरला तरच हें जुळतें. म्हणून हा केवळ तर्क म्हणून मांडतों. हल्लीं बहुतेक लोक एकाच हंगामांत, पांचसहा महिन्यांत, परिक्रमा पुरी करतात.

८. धरणांनंतरचा प्रश्न

जबलपूरजवळचें बरगी धरण १९९० च्या सुमारास पुरें झालें. इंदिरासागर २००५ मध्यें, ओंकारेश्वर २००७ मध्यें. इंदिरासागरासाठीं हरसूद हें गांव २००४ मध्यें उठलें. सरदार सरोवर २०१७ मध्यें राष्ट्रास अर्पण झालें व २०१९ मध्यें प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस भरलें. शूलपाणेश्वराचें जुनें मंदिर त्यापूर्वींच बुडालें होतें. देवाची स्थापना गोरा येथें नव्या मंदिरांत झाली आहे. दक्षिण तटाची वाट तुटल्यामुळें बरेच परिक्रमावासी आतां शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा असे नंदुरबार जिल्ह्यांतून फिरून जातात. प्रकाशास ते स्नान करतात तें तापींत. नर्मदा तेथून कित्येक कोस दूर राहते.

यांतून धर्मशास्त्राचा एक खरा प्रश्न निघतो. कालव्यांतून नर्मदेचें पाणी दूरदूर गेलें आहे. २०१४ मध्यें तें क्षिप्रेंतहि सोडलें. तें ओलांडलें तर परिक्रमा खंडित होते काय? मनुस्मृतींत स्नानाच्या प्रसंगीं नदी व देवखात जलाशय यांचा आदर आहे. माणसानें खणलेला कालवा नदी नव्हे, म्हणून दोष नाहीं, असें मला वाटतें. परंतु जलाशयाचें पाणी उपनदीच्या मुखांतून आंत कित्येक किलोमीटर शिरतें, तेथें काय? पात्र उपनदीचें, पाणी नर्मदेचें. नियम पात्रास धरून असेल तर ओलांडण्यास हरकत नाहीं, पाण्यास धरून असेल तर वळसा घालावा लागेल. माझा कौल वळशाकडे आहे, कारण परिक्रमावासी बाटलींत जपतो तें पाणी, पात्र नव्हे. चालणाऱ्यांत मला भेटलेले बहुतेक जण कोणास न विचारतां वळसाच घालीत होते.

९. संग्राहकांस विनंती

मजजवळ एका कीर्तनकाराच्या घरून आलेलें सात पानांचें टांचण आहे. कर्त्याचें नांव नाहीं, शक नाहीं. केवळ मुक्काम, कोस, आणि शिधा कोठें मिळतो तें. ओंकारेश्वरापासून त्यांतील मुक्काम मीं ताडून पाहत गेलों. बडवानीच्या अलीकडचा एक मुक्काम मिळेना म्हणून नांव उच्चारून विचारलें, तेव्हां एका गृहस्थानें पाण्याकडे बोट दाखविलें आणि पलीकडच्या वडाच्या शेंड्यापासून तें किती हात होतें तें सांगितलें. हें सांगणारी पिढी आतां फार दिवसांची नाहीं.

अशीं टांचणें जुन्या घरांतून, मठांतून, पंचांगांच्या कोऱ्या पानांवर असतात. त्यांस साहित्य म्हणून किंमत नसल्यानें तीं प्रथम रद्दींत जातात. रेवाखंडाच्या पोथ्या आपण जपतोंच. त्यांची पुष्पिका उतरून घेतांना पुराणाचें नांव वगळूं नये. त्यांजबरोबर मुक्कामांच्या याद्या, सदावर्तांच्या सनदा व हिशेब, आणि शिक्क्यांच्या वह्या याहि राखाव्या. यादी हातीं आली तर तींतील कोस व गांवांचीं नांवें जशींच्या तशीं, अशुद्धें न सुधारतां, उतरून घ्यावीं. आणि त्या गांवचा कोणी म्हातारा मनुष्य हयात असेल तर यादी घेऊन त्याच्याकडे कार्तिकापूर्वींच जावें.