वस्तीवर नवे पिल्लू आणताना



उसाची लागण झाली की आपण गट ऑफिसात जाऊन नोंद करतो. तारीख, जात, क्षेत्र, सगळं लिहून देतो, कारण पुढची तोड त्या तारखेवर ठरते. पण वस्तीवर कुत्र्याचे पिल्लू येते तेव्हा त्याचे वय कुणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. त्याची किंमत मोजावी लागली, म्हणून हे चार शब्द.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या चिरंजीवांनी शेजारच्या मळ्यातून एक पिल्लू उचलून आणले. जेमतेम तीन आठवड्यांचे असेल. नाव ठेवले मोत्या. वाटीभर म्हशीचे दूध पाजले, पोत्यावर निजवले, झालं! महिन्याभराने डॉक्टरांकडून एक सुई टोचून आणली. "एकवीस दिवसांनी परत आणा," असे त्यांनी बजावले होते. पण लागणीची धांदल, रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या. आमच्या डोक्यातून गेलेच. पुढे मोत्याने खाणे टाकले. ओकाऱ्या, मग रक्ताची हगवण. तिसऱ्या दिवशी तो गेला. "आजोबा, सुई तर दिली होती ना?" असे नातीने विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर दवाखान्यात मिळाले, आणि ते आपल्या गोठ्यातलेच निघाले. वासरू जन्मले की आपण त्याला आधी चीक पाजतो, कारण त्यातून रोगाशी झुंजायची ताकद मिळते. पिल्लालाही आईच्या चिकातून ती मिळते. काही आठवडे टिकते आणि हळूहळू ओसरते. गंमत अशी, की ती अंगात असेपर्यंत टोचलेली लस वाया जाऊ शकते आणि ती ओसरली की पिल्लू उघडे पडते. कोणत्या पिल्लाची ताकद कधी ओसरेल, हे वरून कळत नाही. म्हणूनच एका सुईने भागत नाही. पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत ठरावीक अंतराने लस द्यावी लागते.

मोत्याला झाला तो पार्व्हो. हा रोग १९७८ साली जगाच्या नजरेस आला आणि थोड्याच काळात देशोदेशी पसरला. त्याचा विषाणू मोठा चिवट. जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. आम्ही पोते जाळले, ओटा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतला आणि वर्षभर थांबलो. मग खंड्या आणला. या वेळी मात्र तयारी आधी केली.

पहिली गोष्ट वयाची. पिल्लू आठ आठवडे आईपाशी राहू द्यावे. आईजवळ ते खायला शिकते आणि भावंडांशी खेळताना चावा किती जोराने घ्यायचा तेही शिकते. दुसरी गोष्ट जागेची. ओल नसलेला, वारा न लागणारा कोपरा बघावा. उंदरांचे औषध, फवारणीचे डबे, खताची पोती त्याच्या तोंडी लागणार नाहीत अशी उचलून ठेवावीत. तिसरी गोष्ट खाण्याची. नुसत्या म्हशीच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते. मऊ भात, वरण, उकडलेले अंडे असे दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. कांदा, द्राक्षे, बेदाणे मुळीच नकोत. कुत्र्याला ते विषासारखे आहेत. शिजवलेली हाडेही नकोत, त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात.

आता सुयांचा हिशेब. पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात. त्यानंतर दर ३-४ आठवड्यांनी पुढची, आणि शेवटची १६ आठवडे झाल्यावर. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे वर्षाच्या वर्षाला. उसात उंदीर फार, आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. त्याचीही लस आहे, डॉक्टरांना जरूर विचारावे. जंताचे औषध लहानपणापासून, वजन करून द्यावे; हे जंत पोराबाळांच्या पोटातही जातात. लस दुकानातून आणायची तर बर्फाच्या थर्मासमध्ये आणा. खिशात घालून उन्हातून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी!

रेबीजचे मात्र निक्षून सांगतो. लक्षणे दिसू लागली की हा रोग माणसाला सोडत नाही. "पिल्लूच आहे, त्याच्या दाताने काय होतंय?" असे म्हणू नये, पिल्लालाही रेबीज होतो. कुठल्याही कुत्र्याने चावा घेतला किंवा ओरखडा काढला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. चुना, तिखट, तंबाखू काही भरू नका. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता धरू नका. ती केव्हाच बंद झाली. आता दंडात चार-पाच सुयांवर काम होते, पण एकही चुकवायची नाही.

गळिताचा हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्या फडात येतात. त्यांच्या कोप्यांशीही कुत्री असतात आणि तिथेही लहान लेकरे असतात. आपले पिल्लू दवाखान्यात न्याल त्या दिवशी त्यांच्या कुत्र्यालाही ट्रॉलीत घ्या. रोग सभासद आणि बिगर-सभासद असा भेद करीत नाही.

आमच्या घरी कॅलेंडरवर उसाच्या लागणीच्या तारखेखाली नातीने खंड्याच्या सुयांच्या तारखा लिहिल्या आहेत. लागणीची तारीख आम्ही एखादवेळी विसरू. ती मात्र खंड्याची तारीख आम्हाला विसरू देत नाही.