मूठ मिटत नाही त्या सकाळी : आमवात आणि योगाभ्यास

सकाळी सहाला मला जाग येते, पण हात जागे व्हायला सात वाजतात. बोटं सुजलेली, आखडलेली. मूठ मिटत नाही. गॅसचं बटण फिरवायला तळहात टेकवावा लागतो, चहाचं पातेलं दोन्ही हातांनी उचलावं लागतं. आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रुमेटॉइड आर्थ्रायटिस, ज्यांच्या घरी मुक्कामाला आला आहे, त्यांना ही सकाळ ओळखीची वाटेल. मला तो होऊन चौदा वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं मी नेमाने योगाभ्यास करते आहे. या काळात आजाराने त्रास दिलाच, पण योगाबद्दलच्या ऐकीव गोष्टींनीही काही कमी त्रास दिला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक फरक समजून घेऊ. वयोमानाने गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजतं, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर कूर्चा आणि हाडही पोखरलं जातं. हा म्हातारपणाचा आजार नाही. तो ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन ते तीन पट जास्त दिसतो.

गैरसमज १ : योग सुरू केला की गोळ्या बंद करता येतात.

वस्तुस्थिती : नाही. हे मी स्वतः किंमत मोजून शिकले आहे. सुरुवातीच्या काळात एका शिबिरात मला सांगण्यात आलं, ‘या गोळ्या म्हणजे विष आहे, महिनाभरात सुटतील.’ मी पाच महिने औषधं बंद ठेवली. पहिले काही आठवडे बरंही वाटलं. मग दोन्ही मनगटं सुजली, आणि त्या पाच महिन्यांत उजव्या हाताची करंगळी वाकली. ती आजही सरळ होत नाही.

मेथोट्रेक्सेटसारखी औषधं नुसती वेदना मारत नाहीत, ती प्रतिकारयंत्रणेचा सांध्यांवरचा हल्ला आवरतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. ते चालू असताना रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या वेळच्या वेळी कराव्या लागतात. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर ते एकाएकी थांबवणं जिवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा की नाही, हे तपासण्या पाहून डॉक्टर ठरवतात.

मग योगाने काय होतं? दिल्लीच्या एम्समध्ये आमवाताच्या ७२ रुग्णांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला. योग करणाऱ्या गटात सूज दाखवणारे रक्तातले घटक कमी झाले, मनावरचं मळभही कमी झालं. पण त्या अभ्यासात दोन्ही गटांची औषधं चालूच होती, हे सांगणारे सहसा सांगत नाहीत. योग औषधांच्या जोडीला उभा राहतो, त्यांची जागा घेत नाही. आणि योगाला मोजपट्टी लावणं म्हणजे त्याचा अपमान, असंही कुणी समजू नये. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, ते योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहण्यासाठीच.

गैरसमज २ : सांधे दुखतात तर ते हलवूच नयेत.

वस्तुस्थिती : घरातली मोठी माणसं मायेपोटी म्हणतात, ‘पडून राहा गं, उगाच हातपाय ताणू नकोस.’ पण पडून राहिलं की सांध्याला आधार देणारे स्नायू रोडावतात, सांधा अधिकच आखडतो आणि थकवा वाढतो. सांधेदाहाच्या रुग्णांनी नियमित व्यायाम करावा, अशी शिफारस युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये केली आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आमवात किंवा गुडघ्याची झीज असलेल्या ७५ बैठ्या माणसांचा अभ्यास केला. आठवड्याला दोन वर्ग आणि घरी एकदा सराव, असं आठ आठवडे केल्यावर वेदना कमी झाली आणि मन:स्थिती सुधारली. बराचसा फायदा नऊ महिन्यांनीही टिकून होता. तिथेही प्रत्येकाला त्याच्या सांध्यांप्रमाणे आसनं बदलून दिली होती. ही बाब कळीची आहे.

अर्थात आजार उसळतो, सांधा लाल आणि गरम होतो, तेव्हा त्या सांध्यावर भार टाकायचा नाही. त्या दिवसांत मी आडवी पडून मनगटं, घोटे, खांदे जेवढे सहज फिरतील तेवढेच हळूहळू फिरवते, आणि शवासनात श्वासाकडे लक्ष देते. तोही अभ्यासच आहे.

गैरसमज ३ : दुखलं म्हणजे अंग मोकळं होतंय, रेटत राहायचं.

वस्तुस्थिती : ताण आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताण स्नायूच्या मध्यावर जाणवतो, पसरट असतो आणि आसन सोडलं की ओसरतो. सांध्याच्या आत टोचणारी, कळ मारणारी वेदना म्हणजे थांबण्याची खूण. एका वर्गात ‘मनाची ताकद लावा’ म्हणत माझे सुजलेले गुडघे वज्रासनात दाबले गेले. पुढचा आठवडाभर मला जिना उतरता आला नाही.

सांधेदुखीच्या व्यायामात एक सोपा नियम सांगितला जातो, तो वहीत लिहून ठेवा. व्यायामानंतर दोन तास उलटले तरी दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, तर त्या दिवशी जास्त झालं. उद्या कमी करायचं. आसन किती खोल गेलं यापेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ कशी उजाडली, हे मी बघते.

गैरसमज ४ : खुर्ची, उशी, पट्टा घेणं म्हणजे पळवाट. चित्रातल्यासारखं जमलं तरच ते आसन.

वस्तुस्थिती : या समजाला पुण्यातूनच उत्तर मिळालेलं आहे. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षयाने खंगलेले होते. १९३७ साली ते पुण्याला योग शिकवायला आले आणि पुढे पुणेकरच झाले. लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, लोड, घडीच्या खुर्च्या यांचा वापर त्यांनी पद्धतशीरपणे रुजवला. ज्याचं शरीर साथ देत नाही त्यालाही आसनाचा लाभ मिळावा, हा त्यामागचा विचार. आज जगभरच्या योगवर्गांत ही साधनं दिसतात.

माझं रोजचं उदाहरण सांगते. अधोमुख श्वानासनात सगळा भार मनगटांवर येतो, आणि आमवातात मनगटं आधीच दुबळी. म्हणून मी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवते, तिच्या पाठीवर कोपरापासूनचे हात ठेवते आणि कंबर मागे नेते. पाठ तशीच लांब होते, खांदे तसेच मोकळे होतात, मनगटांना झळ लागत नाही. मांडी घालून बसता येत नाही तेव्हा प्राणायाम खुर्चीत बसून करते. पाय जमिनीवर सपाट, कण्याला आधार. पतंजलींनीही आसनाच्या व्याख्येत वाकण्याची मोजमापं दिलेली नाहीत. स्थैर्य आणि सुख या दोनच अटी घातल्या आहेत.

गैरसमज ५ : योग नैसर्गिक आहे, त्यामुळे त्याने अपाय होऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : ज्या क्रियेत परिणाम करण्याची शक्ती आहे, तिच्यात अपाय करण्याचीही असते. आमवात बरीच वर्षं जुना असेल तर मानेचे अगदी वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. अशा मानेवर शीर्षासन, सर्वांगासन, हलासन यांचा भार पडला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मान दुखत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर मानेचा एक्स-रे काढून डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय ही आसनं करू नका. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून जोरात पुढे वाकणंही टाळायचं, कारण त्याने मणका दबून मोडू शकतो.

इतर जुन्या आजारांचंही असंच आहे. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाणारी आसनं टाळावीत; शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. रक्तदाब ताब्यात नसेल तर कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी दीर्घ सराव करू नये. ग्लुकोमीटर आणि साखर जवळ असू द्यावी, आणि रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर आसन सोडून आधी साखर तोंडात टाकावी. दमेकऱ्यांनी इन्हेलर चटईशेजारीच ठेवावा.

गैरसमज ६ : आजार पुन्हा उसळला म्हणजे माझंच काहीतरी चुकलं, माझी साधना कमी पडली.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सगळ्यांत क्रूर आहे, कारण तो आजारी माणसावरच आजाराचा आळ घालतो. चढउतार हा आमवाताचा स्वभाव आहे. एखादा संसर्ग, बाळंतपण, औषधातला बदल अशी निमित्तं होतात, आणि कित्येकदा काहीच निमित्त सापडत नाही. योगसूत्रांत साधनेतले नऊ अडथळे मोजले आहेत, त्यातला पहिला आहे व्याधी. म्हणजे साधकाला आजार होतो, हे त्या परंपरेने सुरुवातीलाच मान्य केलं आहे. तिथे त्याला कुणी दोष दिलेला नाही.

म्हणून मी सरावाचे तीन आराखडे ठेवले आहेत. बऱ्या दिवशी पाऊण तास, उभ्या आसनांसह. मध्यम दिवशी वीस मिनिटं, सगळं खुर्चीवर. वाईट दिवशी अंथरुणातच दहा मिनिटं. कुठला आराखडा घ्यायचा, हे सकाळी मूठ किती मिटते त्यावर ठरतं. अकरा वर्षांत मी खंड पडू दिला नाही तो या तिसऱ्या आराखड्यामुळे.

आता योग सुरू करू पाहणाऱ्यांना, आणि मध्येच सोडून बसलेल्यांना एवढंच सांगायचं आहे. वर्गाच्या पहिल्या दिवशी शिक्षकांना तुमची फाइल दाखवा. कुठले सांधे बिघडले आहेत, कुठली औषधं चालू आहेत, सगळं सांगा. ते ऐकून घेऊन आसनं बदलून देत असतील तर तिथे थांबा. ‘गोळ्या सोडा, मग शिकवतो’ म्हणत असतील तर दुसरा वर्ग शोधा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाही सांगा की तुम्ही कुठली आसनं करता. आणि उद्या सकाळी मूठ मिटली नाही, तरी अंथरुणात पडल्या पडल्या दहा शांत श्वास घ्या, घोटे फिरवा. तुमचा त्या दिवसाचा योग झाला.