बोल्ट केव्हा आवळावा?

चौमहल्ला राजवाड्यातील निजामांची १९१२ सालची रोल्स-रॉइस पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाहिली असेल. त्या काळच्या मोटारींच्या कमानींचे सांधे धातूच्या खिळीवर फिरत आणि त्यांना वरचेवर वंगण घालावे लागे. आज तेथे बहुधा रबरी बुश असतो, आणि घरी दुरुस्ती करणारे नेमके येथेच चुकतात.

बुश म्हणजे एकात एक बसविलेल्या दोन लोखंडी नळ्या व त्यांमध्ये घट्ट चिकटविलेले रबर. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याशी जखडली जाते. बाहेरची नळी चाकाच्या आर्मबरोबर हलते. म्हणजे सांधा फिरत नाही, रबर पिळले जाते. जॅकवर उचललेल्या गाडीचे चाक खाली लोंबत असते. त्या स्थितीत बोल्ट पक्का आवळला, तर गाडी जमिनीवर टेकताच रबरास पीळ बसतो. गाडी उभी असली तरी तो सुटत नाही, आणि रबर लवकर फाटते. आम्ही स्वतः असा एक बुश काही महिन्यांतच घालविला आहे. दोष पान्याचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

म्हणून प्रथम बोल्ट बेताचाच बसवावा. मग चाके टेकवून गाडी दोन-चार वेळा दाबून हलवावी, आणि नंतरच पुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क-पान्याने आवळावा. हे माप न्यूटन-मीटरमध्ये असते: मीटरभर लांब आडव्या पान्याच्या टोकास एक किलो वजन टांगले, तर सुमारे १० न्यूटन-मीटर. केवळ जॅकवर पेललेल्या गाडीखाली मात्र क्षणभरही शिरू नये. हात पोहोचत नसेल, तर गाडी उतरवितानाच चाकांखाली रुंद, भक्कम ठोकळे ठेवावेत व उरलेल्या चाकांना अडसर लावावा.