गर्दचे व्यसन सुटण्यासाठी पुन्हा गोळी कशाला?

'डॉक्टरसाहेब, एक नशा सोडवायला तुम्ही लोक दुसरी नशा देता की काय?' व्यसनमुक्तीची गोळी सुरू असलेल्या मुलांचे आईवडील हा प्रश्न मला हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र याबाबतीत चुकीची समजूत धरून बसल्यास घरातला माणूस जिवालाही मुकू शकतो. म्हणून आज या उपचाराच्या दोन्ही बाजू पाहू.

अफू, तिच्यापासून मिळणारे मॉर्फीन, मॉर्फीनपासून तयार होणारे हेरॉइन, खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन आणि ट्रॅमॅडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही सारी एकाच कुळातली. आपण ज्याला गर्द किंवा ब्राऊन शुगर म्हणतो, ते अशुद्ध हेरॉइनच होय. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दने थैमान घातले आणि १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. आज हा प्रश्न मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक या कुळातले पदार्थ वापरतात आणि सुमारे ७७ लाखांना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे.

शरीरात काय घडते?

आपल्या मेंदूत या पदार्थांना बसण्यासाठी ठरावीक जागा असतात. एस.टी.तल्या बाकांची कल्पना करा. गर्द म्हणजे दंगेखोर प्रवासी. तो धावत येऊन बाक पकडतो, गोंधळ घालतो आणि काही तासांत उतरून जातो. बाके रिकामी झाली की शरीर कासावीस होते. नाक-डोळे वाहतात, जांभया येतात, अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. रुग्ण यालाच 'टर्की' म्हणतात. शेवटच्या नशेनंतर साधारण ८ ते १२ तासांत ती सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि आठवड्याभरात ओसरते. घरच्यांना वाटते, सुटला एकदाचा! पण मनातली ओढ महिनोन् महिने टिकते. खरा उपचार टर्की संपल्यावर सुरू होतो.

तीन औषधे

पहिले मेथाडोन. न्यूयॉर्कमध्ये डॉ. डोल आणि डॉ. नायस्वँडर यांनी १९६० च्या दशकात हेरॉइनच्या रुग्णांवर त्याचा प्रयोग केला. हा प्रवासी बाक पूर्ण व्यापतो, पण शांत बसतो आणि दिवसभर उतरत नाही. त्यामुळे टर्की येत नाही आणि योग्य मात्रेत नशाही चढत नाही.

दुसरे ब्युप्रेनॉर्फिन. ही गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची असते. बाक ती घट्ट धरते, पण तिचा परिणाम अर्धामुर्धाच असतो. एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढली तरी श्वास मंदावण्याचा परिणाम फारसा वाढत नाही. म्हणून मेथाडोनपेक्षा ती सुरक्षित मानतात. काही गोळ्यांत नॅलॉक्सोन मिसळलेले असते. गोळी विरघळवून शिरेत टोचण्याचा मोह होऊ नये, हा त्यातला हेतू.

तिसरे नॅलट्रेक्सोन. हा प्रवासी नव्हेच. खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी, तसे हे औषध जागा अडवते. नशा मुळीच देत नाही आणि गर्द घेतली तरी चढू देत नाही. पण त्यासाठी आधी ७ ते १० दिवस, कधी त्याहून अधिक, शरीर या पदार्थांपासून पूर्ण मोकळे असावे लागते. ते ओढही फारशी शमवत नाही. निश्चय पक्का असलेल्या आणि घरच्यांच्या देखरेखीत रोज गोळी घेणाऱ्या रुग्णाला ते उपयोगी पडते.

जमेची बाजू

स्वीडनमधील एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. हेरॉइनच्या ४० रुग्णांना समुपदेशन सारखेच मिळाले. त्यांपैकी २० जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन दिले. उरलेल्या २० जणांना ते सहा दिवसांत कमी करत बंद केले आणि पुढे दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. वर्षाअखेर पहिल्या गटातले १५ जण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही टिकला नव्हता आणि त्यांतले चौघे मरण पावले होते.

आकडा लहान वाटेल, पण पुढे हजारो रुग्णांच्या नोंदींतून तेच दिसले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात मेथाडोन घेत असलेल्या दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू होते, तर उपचार सोडलेल्यांत सुमारे ३६. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालीच मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. सुया टोचण्याचे प्रमाण घटल्याने एड्सच्या विषाणूचा प्रसारही रोखला जातो.

दुसरी बाजू

तोटे लपवण्यात अर्थ नाही. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांचीही शरीराला सवय होते. एकदम बंद केल्यास टर्की येते. बद्धकोष्ठता, घाम, गुंगी हे त्रास होतात. मेथाडोन सुरू करतानाचे पहिले आठवडे विशेष जपावे लागतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्या यांच्या जोडीने घेतल्यास श्वास थांबू शकतो. ब्युप्रेनॉर्फिनचाही काही जण गैरवापर करतात, म्हणून ते मान्यताप्राप्त केंद्रातून नोंदणी करूनच मिळते. कित्येक ठिकाणी डोस घ्यायला रोज जावे लागते. रोजंदारीवरच्या माणसाने एस.टी.चे भाडे भरायचे की कामावर जायचे? ही अडचण कोणत्याही दुष्परिणामाइतकीच खरी आहे.

मग ही दुसरी नशाच नव्हे का? माझे उत्तर असे : शरीराची सवय आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो माणूस ठरलेली गोळी घेऊन कामावर जातो, पगार घरी देतो, रात्री नीट झोपतो, तो नशेत नाही. गोळीसाठी तो चोरी करत नाही की घरची भांडी विकत नाही.

किती दिवस?

माझ्याकडे रक्तदाबासाठी येणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा पाच महिने ब्युप्रेनॉर्फिनवर होता. गॅरेजमध्ये नियमित कामाला जाऊ लागला होता. त्याच्यासाठी मुली पाहणे सुरू झाले आणि वडील म्हणाले, 'आता गोळ्या बंदच करून टाकतो. पाहुण्यांना काय सांगायचं?' मी त्यांना एवढेच सांगितले की, पाहुण्यांना सांगणे अवघड आहे हे मान्य, पण गोळीची तारीख लग्नाच्या मुहूर्तावरून ठरवू नका.

कारण समजून घ्या. नशा बंद असताना शरीराची ती पचवण्याची ताकद कमी होते. औषधही सोडलेला माणूस पुन्हा घसरला आणि जुन्या हिशेबाने गर्द घेतली, तर तीच मात्रा जीवघेणी ठरते. उपचार सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे सर्वांत धोक्याचे. केंद्रातून 'स्वच्छ' होऊन आलेल्या किंवा तुरुंगातून सुटलेल्या माणसालाही हेच लागू आहे. म्हणून गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू, आयुष्याची घडी बसल्यावर. कोणाला एक-दोन वर्षे लागतात, कोणाला त्याहून जास्त. त्यात कमीपणा काहीच नाही. समुपदेशन, काम आणि घरची साथ यांची जोड मात्र हवीच.

वाचकांना सूचना

ही औषधे कोणाकडून मागून घेऊन घरी सुरू करू नका. शरीरात गर्द असतानाच ब्युप्रेनॉर्फिन किंवा नॅलट्रेक्सोन घेतले, तर बसलेला प्रवासी एकदम ढकलला जाऊन भयंकर टर्की येते. सुरुवात कधी करायची, हे केंद्रातील डॉक्टरांनीच ठरवायचे असते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी आहेत.

माणूस हाक मारूनही उठत नसेल, श्वास अगदी मंद असेल, ओठ निळे पडले असतील आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. तोवर त्याला एका कुशीवर वळवून ठेवा. आणि डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगा. नॅलॉक्सोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर असा रुग्ण वाचू शकतो. अब्रूसाठी लपवण्यात घालवलेली दहा मिनिटे मात्र परत मिळत नाहीत.